'तेहानू'वर नाराज असलेले वाचक

उर्सुला के. ल ग्विन यांची 'तेहानू' ही कादंबरी १९९० साली प्रसिद्ध झाली, तेव्हा अर्थसी या काल्पनिक, जादूच्या बेटांवरच्या कादंबरी-मालिकेचा तिसरा भाग येऊन अठरा वर्षे लोटली होती. १९६८ ते १९७२ या काळातील पहिले भाग ज्यांनी शाळकरी वयात वाचले, ते वाचक एव्हाना संसाराला लागले होते, पण त्यांच्या मनातला गेड हा मालिकेचा नायक अजूनही ड्रॅगनशी बोलणारा महाजादूगारच होता. नव्या कादंबरीत त्यांना भेटला तो सारी शक्ती गमावलेला, राजाचे दूत आले की तोंड लपवणारा आणि शेळ्या राखायला डोंगरावर निघून जाणारा एक खचलेला माणूस. कादंबरीला विज्ञानकथा व अद्भुतकथांसाठी दिला जाणारा नेब्युला पुरस्कार मिळाला, तरी वाचकांतील दुफळी मिटली नाही. काहींना हा मालिकेतील सर्वांत परिपक्व भाग वाटतो, तर काही जण नव्या वाचकाला तिसऱ्या भागापाशीच थांबण्याचा सल्ला देतात. मी पहिल्या पक्षातली आहे. (पुढे कथानकाचा शेवटही उघड होणार आहे.)

गेडला लेखिकेने उगाच खाली आणले, ही सर्वांत मोठी तक्रार मला पटत नाही. जिवंतांच्या आणि मृतांच्या जगांमधली फट बुजवताना त्याची शक्ती संपते, ती तिसऱ्या भागातच. तिथे ड्रॅगन त्याला पाठीवर घेऊन जातो आणि पुढचे सारे दंतकथेवर सोपवले जाते, त्यामुळे त्या त्यागाची किंमत वाचकाला जाणवत नाही. 'तेहानू' ती किंमत रोजच्या जगण्यात दाखवते: आयुष्यभर ज्या सामर्थ्यावर आपली ओळख उभी होती ते गेल्यावर, पन्नाशीच्या आसपासच्या माणसाने सकाळी उठून करायचे काय?

तेनारबद्दलचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो बऱ्याचदा स्त्रीवादी वाचकांकडून येतो. आतुआनच्या थडग्यांची ही पुजारीण दुसऱ्या भागात अंधारातून सुटून येते, ऑगियनसारखा गुरू तिला विद्या द्यायला तयार असतो, आणि ती मात्र एका शेतकऱ्याशी लग्न करून चूल आणि मुले सांभाळते. हे त्यांना माघार घेतल्यासारखे वाटते. मला हा प्रश्न रास्त वाटतो, परंतु कादंबरी त्याला बगल देत नाही. विधवा झालेली तेनार स्वतःच त्या निवडीचा हिशेब मांडत राहते. आगीत ढकलली गेलेली, अर्धा चेहरा जळालेली थेरू ही मुलगी तिच्या पदराखाली येते, तेव्हा त्या पोरीला घाबरून तोंड फिरवणारे गाव आणि स्वतःचे ताटही न धुणारा मुलगा यांच्यामध्ये उभे राहून तिला जे रोज करावे लागते, त्याला आधीच्या वीरकथांत जागाच नव्हती. ल ग्विन यांनी १९९२ मध्ये ऑक्सफर्डला दिलेल्या व्याख्यानात हेच स्पष्ट केले होते, की पहिले भाग पुरुषांच्या वीरकथेच्या परंपरेतून लिहिले गेले होते आणि आता तेच जग एका स्त्रीच्या नजरेतून पाहायचे होते.

शेवटाच्या बाबतीत मात्र मी नाराज वाचकांच्या बाजूने आहे. संथ, घरगुती आणि भीतीने भारलेल्या या कथेत दुष्ट जादूगार तेनारला मंत्राने जखडतो, थेरूच्या हाकेला कालेसिन हा ड्रॅगन धावून येतो आणि मोजक्या पानांत सारे आटोपते. शिवाय तो जादूगार द्वेषाखेरीज दुसरे काहीच नसलेला आहे. ज्या लेखिकेने पहिल्या भागात गेडचा पाठलाग करणाऱ्या त्याच्याच सावलीला इतकी खोली दिली, तिने याला थोडी तरी द्यायला हवी होती.

'अर्थसीचे अखेरचे पुस्तक' असे 'तेहानू'वर छापले होते, तरी २००१ मध्ये आणखी दोन पुस्तके आली. पुरुषांखेरीज कुणाला प्रवेश नसलेल्या, रोक बेटावरील जादूविद्येच्या विद्यालयाच्या स्थापनेत स्त्रियांचाही हात होता, हे त्यांतील कथासंग्रहात कळते, आणि 'द अदर विंड'मध्ये मृतांच्या प्रदेशाभोवतीची भिंतच पाडली जाते. चौथ्या भागावर रागावून थांबलेल्यांनी निदान ही दोन वाचावीत, कारण त्यांची बीजे 'तेहानू'तच पेरलेली आहेत.