ऐंशी पावलांची नदी

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, ग्रेट फॉल्सला, मी शोधायला गेलोच नव्हतो. बाकावर बसल्या बसल्या दिसलं. मान डावीकडे केली की उगम, उजवीकडे केली की संगम. मधली रो नदी सगळी मिळून ६१ मीटर. काठाकाठानं चालून पाहिलं, तर ऐंशी-पंच्याऐंशी पावलांत परिक्रमेची एक बाजू आटोपली. आणि संगम कुणाशी, तर साडेतीन हजार किलोमीटरहून लांब मिसुरीशी!

'हा तर ओढा' म्हणायला तोंड उघडलं आणि पाण्याकडे बघून मिटलं. इतर नद्या करंगळीएवढ्या धारेनं सुरू होतात. ही मिसरूड फुटूनच जन्माला येते. जायंट स्प्रिंग्ज नावाच्या झऱ्यातून रोज ५० कोटी लिटरहून जास्त पाणी उसळतं. १८०५ साली मिसुरीच्या वाटेनं पश्चिमेचा प्रदेश धुंडाळायला निघालेला अमेरिकन संशोधक विल्यम क्लार्क हा झरा पाहून चकित झाला होता.

पाणी इतकं नितळ, की तळातल्या हिरव्या वनस्पती एकाच दिशेला विंचरल्यासारख्या दिसतात. 'रो' म्हणजे इंग्रजीत माशांची अंडी, आपली गाभोळी. शेजारीच ट्राउट माशांचं उबवणी केंद्र आहे, तेव्हा नाव शोभतंही.

शाळकरी मुलांच्या खटपटीमुळे १९८९ साली हिची जगातली सर्वांत छोटी नदी म्हणून गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली. आधीचा मान ओरेगनमधल्या डी नदीचा. तिथल्या लोकांनी मग ऐन भरतीच्या वेळी टेप लावला आणि नदी ३७ मीटरवर आणली! समुद्रच आत आल्यावर नदी आखडणारच. पुढे गिनीजनं तो प्रकारच काढून टाकला. बरं केलं.

कारण टेप लावायचा कुठून? हे पाणी मुळात साठेक किलोमीटरवरच्या लिटल बेल्ट डोंगरांतलं. तिथला पाऊस, वितळलेलं बर्फ चुनखडीच्या भेगांतून मुरत, जमिनीखालून वर्षानुवर्षं चालत इथवर येतं. खाली ना ऊन ना थंडी, म्हणून बारा महिने तापमान १२ अंशांच्या आसपास. बाहेर सगळं गोठलेलं असतानाही ही वाहतीच.

निघताना वाकून हात बुडवला. बोटं बधिर झाली. हात पुसून हातमोजे चढवेपर्यंत ते पाणी मिसुरीत पोचलंही असेल.