महाड-पोलादपूरच्या वाड्यांमध्ये: पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीचा वृत्तांत

एप्रिलच्या अखेरीस आम्ही काही जण रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील वाड्या पाहून आलो. दरड कोसळली किंवा पूर आला तर कोणत्या घरांना कोणत्या बाजूने धोका आहे आणि त्याला तोंड देण्याची तयारी वाडीत प्रत्यक्ष किती आहे, हे चालून, विचारून लिहून काढायचे, एवढाच हेतू होता. असेच काम घेऊन या भागात किंवा सह्याद्रीच्या पायथ्याच्या दुसऱ्या एखाद्या तालुक्यात जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

मुक्कामासाठी महाड सोयीचे आहे. कोकण रेल्वेने आल्यास वीर स्थानकावर उतरावे. मुंबई-गोवा महामार्गाने एसटीही भरपूर आहेत. वाड्यांवर जाणाऱ्या गाड्या मात्र दिवसातून मोजक्याच असतात, त्यामुळे महाडमधून दिवसभरासाठी वाहन ठरवणे बरे. पुण्याहून येणाऱ्यांनी वरंधा घाट उघडा आहे का, हे आधी विचारून घ्यावे. पावसाळ्यात तो वाहतुकीसाठी बंद ठेवला जातो, आणि आपत्तीत बाहेरून मदत कोणत्या वाटेने येणार, हा पाहणीतला प्रश्न तेथूनच सुरू होतो.

पहिला दिवस नदीसाठी ठेवावा. सावित्री महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावते, पोलादपूरच्या बाजूने वेगाने खाली उतरते आणि महाडला पोहोचेपर्यंत तिची जवळजवळ सगळी उंची संपलेली असते. दासगावपासून पुढे ती खाडीच होते. महाडजवळ तिला गांधारीही येऊन मिळते. वरून येणारे पाणी आणि बाणकोटच्या खाडीतून चढणारी भरती यांची गाठ पडली की शहराच्या सखल भागातील पाण्याला निघायला वाट राहत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुराच्या वेळी महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता आणि गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर आली होती, म्हणजे उधाणाचेच दिवस होते. म्हणून महाडचा धोका महाडच्या पावसावरून ओळखता येत नाही. महाबळेश्वर आणि पोलादपूरचा पाऊस, भरतीची वेळ आणि नदीची पातळी या गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. सावित्रीची महाड येथील इशारा पातळी ६ मीटर आणि धोका पातळी ६.५ मीटर आहे. या दोन आकड्यांमधले अंतर एवढे कमी आहे की इशारा मिळाल्यावर सामान हलवायला सुरुवात करणाऱ्याला फारसा वेळ उरत नाही. बाजारपेठेतील जुन्या दुकानदारांना हे चांगले ठाऊक आहे. पाणी कोणत्या गल्लीत आधी शिरते, हे त्यांच्याइतके नेमके कोणताही नकाशा सांगत नाही. नदीपात्रातील गाळ, बेटे आणि दासगावजवळचा रेल्वेचा भराव यांमुळे पूर किती वाढतो, याविषयी येथील लोकांची मते ठाम आहेत. ती शांतपणे ऐकून घ्यावीत, पण त्या वादाचा निवाडा करण्याच्या भरीस पडू नये.

पुलांवरही थोडा वेळ द्यावा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्याही गेल्या. महामार्गावर आता नवा पूल आहे. पण आतल्या रस्त्यांवरचे लहान साकव आणि मोऱ्या पाहिल्याशिवाय कोणती वाडी किती पावसात तुटते, याचा अंदाज येत नाही.

डोंगराकडच्या वाड्या हा या पाहणीचा खरा गाभा आहे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते येथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीये गावात ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली आणि त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी आल्या. रस्ते पाण्याखाली होते, फोन बंद पडले होते आणि मदतपथके तळीयेत पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. तळीयेला जायचे असल्यास तेथील कोणाला तरी विचारून, कॅमेरा पिशवीत ठेवून जावे. त्या दिवशी काय घडले, हे लोकांना पुन्हा सांगायला लावण्याची काहीही गरज नाही, ते सारे नोंदलेले आहे.

जिल्हा प्रशासनाकडे दरडप्रवण गावांची यादी असते आणि पाहणीची सुरुवात तिच्यापासूनच करावी. तेथेच थांबणे मात्र धोक्याचे आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा ती वाडी यादीत नव्हती, आणि तेथे जाणारा रस्ताही नसल्याने यंत्रसामग्री वर नेता आली नाही. यादी गावाच्या नावाने होते आणि दरड वाडीवर पडते. एकाच महसुली गावातली एक वाडी पठारावर सुरक्षित असते, दुसरी उताराच्या तोंडाशी असते. म्हणून आमच्या वहीत एका वाडीला एक स्वतंत्र पान ठेवले होते, आणि पुढे जाणाऱ्यांनीही तसेच करावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

एका वाडीच्या वर (तिचे नाव मुद्दाम देत नाही) दोन पावसाळ्यांपूर्वी पडलेली भेग आम्हांला तेथल्या पोलीस पाटलांनी दाखवली. आंब्याच्या दोन झाडांमधून ती कमानीसारखी वळत गेली होती. तळहात आडवा जाईल एवढी रुंद, आत वाळलेला पाला भरलेला, आणि खालच्या बाजूची जमीन वरच्यापेक्षा वीतभर खाली बसलेली. उन्हाळ्यात अशी भेग निरुपद्रवी वाटते. पावसात तिच्यातून पाणी थेट आत उतरते, मातीच्या थराखालच्या काळ्या पाषाणापर्यंत पोहोचते आणि त्या सांध्यावरून वरचा सगळा थर सरकू लागतो. भेगेच्या दोन्ही कडांना एकेक लोखंडी सळई ठोकून त्यांतले अंतर टेपने मोजून भिंतीवर लिहून ठेवावे, भेग चिकणमातीने बुजवून ताडपत्रीने झाकावी आणि वरचे पाणी चर खणून बाजूला काढावे, हे गावकऱ्यांना स्वतः करता येण्यासारखे आहे. अंतर वाढू लागले तर मात्र चर्चा करत न बसता घरे रिकामी करावीत आणि तहसीलदारांमार्फत भूवैज्ञानिकांना बोलवावे.

अशी भेग सगळीकडे दिसत नाही. म्हणून म्हाताऱ्या माणसांना विचारावे: झऱ्याचे पाणी कधी गढूळ आले होते का, नवा झरा फुटला का, झाडे एका बाजूला कलली का, दारे चौकटीत अडकू लागली का. भर पावसात पऱ्याचे, म्हणजे डोंगरातल्या ओढ्याचे, पाणी अचानक कमी झाले तर वर कोठेतरी दगडमातीने ते अडले आहे आणि एकदम सुटणार आहे, हे मात्र प्रत्येक घरातल्या मुलालासुद्धा माहीत असायला हवे. घर बांधण्यासाठी किंवा रस्त्यासाठी उताराचा पाया कोठे कापला आहे, हे आपण स्वतः पाहावे, कारण ते कोणी आपणहून सांगत नाही.

तयारी तपासताना कार्यालयातील आराखड्यापेक्षा वाडीतल्या ओटीवर जास्त वेळ बसावे. रात्री दोन वाजता घरे सोडायची हे कोण ठरवणार, हाक कशी देणार, कोठे जाणार, कोणत्या वाटेने जाणार, हे चार प्रश्न बायकांना आणि पुरुषांना वेगवेगळे विचारले की बहुतेक चित्र स्पष्ट होते. एके ठिकाणी भिंतीवर लावलेल्या यादीतले दोन क्रमांक बदली होऊन गेलेल्या माणसांचे निघाले. तेव्हा यादीतला प्रत्येक क्रमांक तेथेच फिरवून पाहावा. १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक किती जणांना पाठ आहे, तेही विचारावे. कर्ती माणसे मुंबईला असल्यामुळे वाडीत बहुधा वृद्ध, बायका आणि मुलेच राहतात, आणि पावसाचा इशारा पुष्कळदा मुंबईच्या मुलाच्या फोनवर आधी येऊन मग घरी कळतो. ही वाट उपयोगी आहे. वाडीच्या व्हॉट्सॲप गटात चाकरमान्यांना अवश्य घ्यावे, मात्र टॉवर बंद पडल्यावर शिट्टी, थाळी किंवा देवळातली घंटा यांतले काय वापरायचे, हेही ठरवून ठेवावे.

निवाऱ्यासाठी सर्वत्र शाळेचे नाव घेतले जाते. त्या शाळेभोवती एकदा फिरून यावे, कारण आम्ही पाहिलेली एक शाळा पऱ्याच्या काठावर, दगडमाती नेमकी ज्या वाटेने येईल त्याच वाटेवर होती. दुसरी अडचण गुरांची. गोठ्यात म्हैस बांधलेली असताना माणूस घर सोडत नाही, त्याला कितीही समजावले तरी. निवाऱ्याजवळ गुरांसाठी पत्र्याची शेड असेल तरच स्थलांतराची योजना प्रत्यक्षात येते.

शासनाचे पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या ठिकाणी असते आणि डोंगरातल्या वाडीत त्याहून कितीतरी अधिक पाऊस पडू शकतो. सरळ भिंतींचे कोणतेही भांडे उघड्यावर ठेवून त्यातले पाणी मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजले तरी कामचलाऊ नोंद होते. हवामान खाते चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पाऊस सर्वांत वरच्या श्रेणीत धरते. पण जमीन आठवडाभर भिजलेली असेल तर त्याहून कमी पावसातही वाडीने हलावे, असे माझे मत आहे.

चालण्यासाठी घट्ट पकडीचे बूट, पाणी, टेप, वही आणि गावातला एक माणूस एवढे पुरते. पाऊस सुरू झाल्यावर उतारावर चढू नये. पुढची पाहणी ऑक्टोबरनंतर करावी, तेव्हा ताज्या खुणा स्पष्ट दिसतात. अहवाल मराठीत, वाडीला एक पान, असा लिहून १ मेच्या ग्रामसभेआधी सरपंचांच्या हाती द्यावा. म्हणजे निवाऱ्याची जागा आणि हाक देणाऱ्यांची नावे ठरावात घेता येतात आणि ठरावाची प्रत तहसीलदारांकडे पाठवायला पावसाआधी महिनाभर मिळतो.