पास होता, पण सीट नव्हती: सांगली ते फ्लॉरेन्स

युरोपातल्या रेल्वेगाड्यांसाठी युरेलचा ग्लोबल पास घेतला, ३३ देशांत चालतो, आता गाडीत बसायचं एवढंच राहिलं, अशा समजुतीत आम्ही तिघं (मी, सौ. आणि साताऱ्याची मेहुणी) सांगलीहून निघालो. पॅरिसच्या गार द ल्यों स्थानकावर सकाळी सातला खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, झुरिकच्या गाडीत जागा आहेत, पण पासवाल्यांचा कोटा संपला. आज नाही, उद्याही नाही. पूर्ण तिकीट काढलं तर लगेच देते! सौ.चे गुडघे सुजलेले आणि झुरिकच्या खोलीचे पैसे आधीच भरलेले. पास विकताना आम्हाला या कोट्याबद्दल कुणी एक शब्द सांगितला नव्हता, त्याचा राग अजून गेलेला नाही.

मिरजेहून महालक्ष्मीच्या स्लीपरचं तिकीट काढलं की बर्थ त्याच पैशात येतो. युरोपात पास म्हणजे फक्त प्रवासाचा हक्क. फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेचारोसा आणि स्पेनमधल्या अशाच वेगवान गाड्यांना आणि रात्रीच्या गाड्यांना सीटचे पैसे वेगळे पडतात. फ्रान्समधल्या फ्रान्समध्ये टीजीव्हीला माणशी १० किंवा २० युरो. तिघांचा हिशेब आधीच करून ठेवा, आणि या सीटा घरूनच, तारखा ठरल्या की लगेच घ्या.

आम्हाला वाट सापडली ती चौकशीच्या खिडकीवर. पॅरिसच्याच गार द लेस्त स्थानकावरून त्र्वा गावामार्गे फ्रान्समधल्याच म्युलूझला साधी गाडी जाते, तिला रिझर्वेशन लागत नाही. पुढे स्वित्झर्लंडमधलं बाझेल, मग झुरिक. चार तासांच्या जागी सगळा दिवस गेला. तीन वेळा सामान उतरवलं, चढवलं. पण त्र्वानंतरची शेतं, खिडकीशी मिळालेली जागा आणि मांडीवर भडंगाचं पाकीट, यामुळे सौ. पहिल्यांदा हसल्या.

स्वित्झर्लंडमध्ये मात्र पासाचं सोनं झालं. नेहमीच्या गाडीत चढायचं, बसायचं. जर्मनी, ऑस्ट्रियातही दिवसाच्या बहुतेक गाड्यांना असंच आहे. म्हणून पास घ्यायचाच तर या देशांत जास्त दिवस ठेवा. युंगफ्राऊयोखला, म्हणजे डोंगरावरच्या बर्फातल्या स्थानकाला, जाणार असाल तर लक्षात असू द्या, पास इंटरलाकेनपर्यंत चालतो, वर फक्त सवलत मिळते.

इटलीत इतालो या खासगी कंपनीच्या गाड्यांना पास चालतच नाही. मिलानहून फ्लॉरेन्सला आम्ही बोलोन्याला गाडी बदलून रेजोनालेनं, म्हणजे साध्या लोकल गाडीनं, गेलो. वेळ लागला, पण सीटचे पैसे वाचले. फ्लॉरेन्स ते पिसासाठी मात्र पासाचा दिवस जाळू नका. साधं तिकीट दहा युरोच्या आत मिळतं. आमचा पास महिन्यातल्या कोणत्याही ७ दिवसांच्या प्रवासाचा होता. दिवस मध्यरात्री ते मध्यरात्र मोजतात, त्यामुळे लांबचे टप्पे एकाच दिवशी बसवा.

मोबाइल पास असेल तर गाडीत चढण्याआधीच तो प्रवास युरेलच्या ॲपमध्ये पासाला जोडा. टीसी क्यूआर बघतो, पासपोर्टही मागू शकतो. फोन किमान तीन दिवसांतून एकदा नेटला जोडावा लागतो. तिघांचे पास एकाच फोनवर ठेवता येतात, पण मग तिघांनी एकत्रच फिरायचं.

भडंग भरपूर न्या. साताऱ्याचे कंदी पेढे मात्र घरीच ठेवा, बाहेरून आणलेले दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत. मेहुणीनं बांधून आणलेला डबा मुंबईत विमानतळावर सोडायला आलेल्या भाच्याकडे द्यावा लागला.