पाटावर बसता येल का?

बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातल्या एका आजींची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील फिरवलेत. मधुमेह होताच, अंगठ्याची जखम चिघळली, गँगरीन झालं आणि डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. टाके सुकल्यावर त्या माझ्याकडे फिजिओथेरपीला येऊ लागल्या.

सोबत मुलगा असायचा. आजींपेक्षा तोच जास्त खचलेला. आईला बरं वाटावं म्हणून त्यानं गुडघ्याखाली मऊ उशी ठेवली होती. ही उशी मला बहुतेक घरांत सापडते आणि काढायला लावावी लागते. तसं पडून राहिलं की गुडघा वाकलेलाच आखडतो, मग कृत्रिम पाय चढवणं अवघड होतं.

एकदा त्यानं मला बाजूला घेतलं. "मॅडम, आई अजून एकदाही रडली नाही. ती डिनायलमध्ये आहे का?"

दुःखाच्या पाच पायऱ्या त्यानं मोबाइलवर वाचल्या होत्या. हल्ली सगळेच वाचून येतात. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. पाय गेलेल्यानं नकार, राग, नैराश्य अशी ओळीनं हजेरी लावलीच पाहिजे, असं कुठं आहे? उलट "माणूस कशालाही सरावतो" म्हणणारेही भेटतात. त्यांचा आधार १९७८ चा अमेरिकेतला एक अभ्यास: लॉटरी लागलेले आणि अपघातात लुळे पडलेले म्हणे शेवटी सारखेच सुखी. आकडे तसं सांगत नाहीत. ० ते ५ च्या मापात लॉटरीवाले ४, इतर लोक ३.८२ आणि अपघातग्रस्त २.९६. फरक होताच, फक्त आपण धरून चालतो तेवढा नव्हता. 'पुढे किती सुखी असाल?' या प्रश्नाला मात्र अपघातग्रस्तांचाच आकडा किंचित वर होता, ४.३२. मला तोच जास्त बोलका वाटतो.

आजींना त्रास नव्हता असं नाही. नसलेल्या बोटांतून रात्री कळा यायच्या. त्या सांगायच्या, आम्ही उपाय करायचो, विषय संपायचा.

मग पाय पहिल्यांदा चढवायचा दिवस आला. स्टंपवर, म्हणजे उरलेल्या पायाच्या टोकावर, मोजा, त्यावर सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची खोबण, आणि पॅरलल बारमध्ये, दोन्ही हातांनी धरायच्या दांड्यांमध्ये, उभं केलं. समोर उभा आरसा. इथं बऱ्याच जणांचे डोळे भरतात. मुलगा व्हिडिओ काढायला मोबाइल धरून तयार. आजींनी आरशाकडे पाहिलंसुद्धा नाही. जमिनीचा अंदाज घेत म्हणाल्या, "बाय, हा घालून मना पाटावर बसता येल का?"

"आई, आता पाट कशाला?" मुलगा म्हणाला. "तुला कुठं बाजारात बसायचंय?"

प्रश्न अगदी रास्त होता. उकिडवं बसणं, मांडी घालणं, अनवाणी चालणं डोळ्यांपुढे ठेवूनच तर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास जयपूर फूट हा कृत्रिम पाय घडवला. पण पहिल्याच दिवशी पाट नको. मी स्टूल आणलं, मग त्याहून ठेंगणं. खाली बसताना सॉकेटची मागची कड गुडघ्यामागे रुतत होती. पाय थोडा पुढे सरकवायला शिकवलं. बसल्यावर त्यांनी उजवं पाऊल आडवं टेकवलं, दोन्ही हात पुढे घेतले आणि हवेतच मासा चिरून दाखवला. विळी दाबायचा पाय उजवा. तो शाबूत होता.

"जमतंय," म्हणाल्या, आणि तेव्हा रडल्या. पायासाठी नव्हे. बाजारातल्या त्यांच्या जागेवर आता सून बसते, म्हणून. ती जागा त्यांना सासूकडून मिळालेली. नवी मुंबई वसवायला सिडको आली, भाताची खाचरं गेली, तेव्हाही घर त्या जागेवरच चाललं, हे त्यांनी मुलाला ऐकवलं.

दाराशी उभी असलेली सून इतका वेळ गप्प होती. आता पुढे आली. "आई, पहिले महिने मला कोणी विचारत नव्हतं. पापलेटचा भाव सांगताना जीभ अडखळायची. आता गिऱ्हाईक मला नावानं हाक मारतं. मी उठायची कुठं?"

यावर मुलाच्या पाच पायऱ्यांत काहीच लिहिलेलं नव्हतं. तो एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघत राहिला. मी आजींचा सॉकेट काढून स्टंपवरची लाली तपासत होते. लाली थोड्या वेळात उतरली नाही तर सॉकेट दुरुस्तीला पाठवावा लागतो. शेवटी त्यानंच तोड काढली. ओली मासळी बायकोनं विकावी, शेजारी खुर्ची टाकून आईनं सुकट, जवळा घेऊन बसावं. चिरणं नाही, उठाबशी नाही.

"सुकी?" आजी म्हणाल्या. "सुकी काय कोनीबी इकेल. मी पापलेटवाली हाय."

सुनेनं पर्स खांद्यावर घेतली. "मग बुधवार-शुक्रवार तुमचे. रविवार मी सोडणार नाही."

"रविवारीच त धंदा असतो!"

लाली उतरली होती. मी पुढची तारीख लिहून दिली आणि येताना घरचा पाट घेऊन यायला सांगितलं.