हा नको, तो

दगड कोरडा असताना त्याचं काही कळत नाही, ओला झाला की खरा रंग दाखवतो. उत्तर जपानात अकिता प्रांतात काझुनो म्हणून एक गाव आहे, सफरचंदाच्या बागा, गरम पाण्याचे झरे आणि अस्वलं असलेलं, तिथे ओयूच्या पठारावर चार हजार वर्षांपूर्वीची दोन दगडी वर्तुळं आहेत. भाची सेंदाईला असते, ती गाडीने घेऊन गेली. रस्ताभर कुरकुर चालू, "मावशी, लोक क्योतोला जातात गं, तू दगड बघायला चाललीस." पर्सला मात्र तिने घंटा बांधली होती, अस्वलाला लांबूनच कळावं म्हणून. चालताना किणकिण वाजत होती आणि मला सारखं हसू येत होतं.

पहिल्यांदा बघून काही वाटत नाही हं, आधीच सांगते. आपल्या डोक्यात इंग्लंडातल्या स्टोनहेंजचे ते दोन-दोन मजली दगड असतात. इथे गुडघ्यापर्यंतही न येणारे गोटे, छोट्या छोट्या ढिगांनी मांडलेले, आणि ते ढीग मिळून सुमारे ५० मीटरचं मोठं वर्तुळ. लग्नाचा मांडव उठून गेल्यावर मागे आचाऱ्यांच्या चुली राहतात ना, तसं. एका वर्तुळाचं नाव मान्झा, दुसऱ्याचं नोनाकादो, आणि दोघांच्या मधून चक्क डांबरी रस्ता. आम्ही बघत असतानाच एक टेम्पो गेला.

मग पावसाची सर आली, एका छत्रीत दोघी उभ्या, आणि सर थांबली तेव्हा दगड हिरवे झाले होते. सगळे नाहीत, पण बरेचसे. शेवाळाचा हिरवा नाही, दगडाचा स्वतःचा, आतून आलेला. तिथल्या म्युझियममध्ये नंतर कळलं की यातले निम्म्याहून जास्त दगड एकाच जातीचे आहेत आणि ते काही किलोमीटरवरच्या आकुया नदीतून आणलेत. आता ओयू नदी पठाराच्या खालूनच वाहते, तिथे काय दगडांचा दुष्काळ होता? पण नाही. हिरवाच पाहिजे. चाकाची गाडी नाही, बैल नाही, घोडा नाही, धातूचं एक हत्यार नाही, आणि तरी कुणीतरी म्हटलं असणार, हा नको, तो.

हे मी ओळखते. लहानपणी नागपूरला आमच्या गल्लीत लगोरीचे दगड निवडायचं खातं माझ्याकडे होतं, म्हणजे कुणी दिलं नव्हतं, मीच घेतलं होतं. सात चपटे दगड, त्यात काय एवढं, कुठल्याही बांधकामापाशी मिळतात. पण मला कोपऱ्यावरच्या वाळूच्या ढिगातले चालायचे नाहीत, दोन गल्ल्या सोडून एका घराची शहाबादी फरशी बदलत होते तिथलेच तुकडे हवे असायचे, कारण ते एकावर एक ठेवताना टक् असा आवाज येतो आणि हलत नाहीत. पोरं वैतागायची. "काऊन बे, खेळायचं आहे का घर बांधायचं आहे?" तोवर अंधार पडायचा, आया हाका मारायला लागायच्या, आणि डाव राहून जायचा. आई फ्रॉकचे खिसे उलटे करून धुवायला टाकायची तेव्हा मोरीत खडखड खडे पडायचे, त्यावर तिची बोलणी ठरलेली. खोड अजून गेलेली नाही. इथे मात्र दोरीपलीकडे पाय टाकायचा नाही, दगड उचलणं तर लांबच.

बरं, हे वर्तुळ कशासाठी, यावर भरपूर लिहिलं गेलंय. दोन्ही वर्तुळांत एकेक खास मांडणी आहे, मध्ये उभा दगड आणि भोवती आडवे दगड किरणांसारखे पसरलेले, तिला तिथे सूर्यघड्याळ म्हणतात, पण वेळ बघायला ते वापरत होते असं मला काही पटत नाही, घाई कुणाला होती. दोन वर्तुळांचे मध्य आणि ही दोन घड्याळं एका रेषेत धरली की ती रेष २१ जूनच्या आसपासच्या मावळतीकडे जाते. शेजारी कुरोमाता नावाचा त्रिकोणी डोंगर आहे, तो मुळात पिरॅमिड आहे असं म्हणणारी मंडळीही आहेत. असू देत. मंडळी सगळीकडे असतात.

मला खरं आवडलं ते एक मातीचं बाहुलं. हाताच्या पंजात मावेल एवढं, माणसासारखं घडवलेलं, अंगावर टोचून केलेले ठिपके. तोंडाचा एक, डोळ्यांचे दोन, छातीवर एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला चार, मध्ये उभी ओळ पाचांची, आणि पाठीमागे कानांच्या जागी तीन आणि तीन, सहा. एकापासून सहापर्यंत उजळणीच की! कुणी पोराला शिकवायला केलं असेल का, असं मी भाचीला विचारलं तर ती म्हणाली, "मावशी, तुला सगळीकडे शाळाच दिसते."

ही सगळी मंडळी जोमोन काळातली, म्हणजे जपानच्या अश्मयुगातली, शेती फारशी नाही, शिकार, मासे, चेस्टनट. इसवी सन ९१५च्या सुमारास तोवादाचा ज्वालामुखी फुटला आणि वर राखेचा थर बसला, मग १९३१ मध्ये शेताचा पाट खणताना दगड लागले. मधली हजार वर्षं वरती शेतं आणि खाली हे. २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव गेलं, उत्तर जपानातली अशी एकूण सतरा ठिकाणं, त्यात हे एक. त्यातलंच एक इसेदोताई, विमानतळाचा रस्ता बांधताना १९९०च्या दशकात सापडलं तर त्यांनी रस्ता वळवला. होक्काइदोत वाशिनोकीचं वर्तुळ हायवेच्या वाटेत आलं तर हायवे बोगद्यातून खालून नेला. हे वाचून मी जरा गप्प झाले, कारण मला काटोल रोड आठवला.

काटोल रोडवर जुनापाणी आहे. नागपूरच्या इतक्या जवळ की डबा घेऊन संध्याकाळपर्यंत परत येता येतं. तिथे अशीच वर्तुळं आहेत, आणि दोन नाहीत, तीनशेच्या आसपास! काळ्या दगडांची, लोहयुगातली, काही दगडांवर वाटीसारखे गोल खळगे कोरलेले. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यावर लिहून ठेवलंय, १९६१-६२ला पुरातत्त्व खात्याने खोदकाम केलं. नागपूरजवळच्याच माहुरझरीला तर अशा वर्तुळांत घोड्यांचे तांब्याचे दागिने सापडले. आम्ही संत्री आणायला त्या रस्त्याने कितीदा गेलो, बाबा स्कूटरवरून न थांबता हात करायचे, "तिकडे जुन्या लोकांच्या कबरी आहेत", आणि मान वळेपर्यंत ते मागे पडलेलं असायचं. ओयूच्या आणि जुनापाणीच्या माणसांचा एकमेकांशी काही संबंध नाही, काळही वेगळा. पण कबर मात्र दोन्हीकडे.

हो, ओयूलाही. हे सूर्यघड्याळ वगैरे वाचताना विसरायला होतं. त्या ढिगांच्या खाली खड्डे आहेत, आणि प्रत्येक ढीग बहुतेक एकेका माणसाचा आहे. म्हणजे नदीवर जाऊन हा नको, तो म्हणणारा माणूस घरातलं कुणीतरी गेल्यावर गेलेला असणार. आधी मी त्याला हौशी समजत होते.

गाडीत बसल्यावर भाचीने मिसो लावून भाजलेला तानपो हातात दिला, भाताचा, काठीला लावलेला, गरम. दोघी खात होतो. ती आजीच्या वेळी येऊ शकली नव्हती, व्हिडिओ कॉलवर होती, आणि तो कॉलही घाटावर सारखा तुटत होता. मी तर घरीच होते. ती एकदम म्हणाली, "मावशी, आजीचा जीवखडा मामाने कुठून उचलला होता गं? गुरुजी म्हणत होते की कुठलाही चालतो, आणि मामा तिकडे खाली बघत फिरतच होता, मग फोन कट झाला."

मला माहीत नव्हतं. दहाव्याला तो खडा रामटेकच्या अंबाळा तलावात गेला, तेव्हा मी पाहिलाही नाही नीट. भावाला विचारून सांगते म्हटलं. आल्यापासून दर रविवारी फोन होतो आमचा, पाऊस, बीपी, महापालिकेचं पाणी सगळं बोलून होतं. ते काही विचारलेलं नाही अजून.