जुन्या ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स उघडण्याआधी

दहा-पंधरा वर्षं चाललेली ऑटोमॅटिक गाडी झटके देऊ लागली की इंदूरच्या गॅरेजांत बहुधा एकच निदान ऐकू येतं: गिअरबॉक्स गेला. कधी तो खरंच गेलेला असतो. पण त्याआधी तेल, बॅटरी, इंजिनाचं फाउंडेशन (इंजिन ज्यावर टेकतं ते रबरी माउंट), बाहेरचे सेन्सर आणि रेडिएटर या पाचांची झडती व्हायला हवी, कारण यातलं प्रत्येक जण बॉक्स मेल्याचं सोंग हुबेहूब वठवतं. बॉक्स उतरवून परत चढवायची मजुरीच एवढी होते की तपासणीचे दोन तास त्यापुढे काहीच नाहीत. शिवाय एकदा उघडलेला बॉक्स पहिल्यासारखा जुळवणारे हात आपल्याकडे कमी आहेत.

आधी आपल्या गाडीत कोणता बॉक्स आहे ते पक्कं करा. २००९ ते २०१३ च्या होंडा सिटीत पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत पुढे देणारा) आहे, २०१४ पासूनच्या सिटीत सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला पट्टा-पुलीचा बॉक्स. जुनी कोरोला ऑल्टिस आणि आय-टेन चार गिअरच्या. सेलेरिओत २०१४ पासून आलेला एएमटी हा मुळात मॅन्युअल बॉक्स. फक्त क्लच आणि गिअर अ‍ॅक्च्युएटर नावाचं यंत्र हलवतं, त्यामुळे तिथे क्लच प्लेट आणि अ‍ॅक्च्युएटर बघायचे. स्कोडा लॉरा-सुपर्बमधल्या ओल्या क्लचच्या सहा गिअरच्या डीएसजीला (दोन क्लचच्या बॉक्सला) ६०,००० किलोमीटरला तेल आणि फिल्टर लागतोच, आणि जुन्या गाडीत नेमका तोच चुकवलेला असतो. खाली लिहिलेलं मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरवाल्या बॉक्ससाठी आहे.

पहिलं काम तेलाची पातळी. हे इंजिन ऑइलसारखं कसंही मोजून चालत नाही. ह्युंदाई आणि टोयोटाच्या डिपस्टिकवाल्या बॉक्समध्ये गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून तेल ७० ते ८० अंशांवर आणायचं, सपाट जागी उभी करायची, ब्रेक दाबून लिव्हर पी पासून एल पर्यंत प्रत्येक जागी दोन सेकंद थांबवत नेऊन परत पी मध्ये आणायचा, आणि इंजिन चालू असतानाच डिपस्टिक काढायची. होंडाच्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये याच्या उलट: इंजिन पूर्ण गरम झाल्यावर बंद करायचं आणि ६० ते ९० सेकंदांच्या दरम्यान बघायचं. एका कंपनीची रीत दुसरीला लावली की पातळी चुकीची दिसते, मग कमी समजून तेल जादा भरलं जातं. जादा तेल फिरत्या भागांना लागून फेसाळतं, फेसात हवा असते, हवेने तेलाचा दाब कमी होतो आणि गिअर सुटायला लागतात. म्हणजे कमी तेलाची आणि जादा तेलाची लक्षणं जवळपास सारखीच.

डिपस्टिक पांढऱ्या टिश्यूवर टेका. लाल किंवा हलकं तपकिरी तेल टिश्यूत पसरत गेलं तर ठीक. गडद तपकिरी, पण जळका वास नाही, असं तेल नुसतं म्हातारं झालेलं असतं, बदलून बघण्यासारखं. काळं, जळक्या वासाचं, आणि टिश्यूवर मध्ये काळे कण सोडून जाणारं असेल तर क्लच प्लेटचं अस्तर झडतंय. गुलाबी दुधाळ तेल दिसलं तर गाडी तिथेच बंद करा. रेडिएटरमधलं पाणी बॉक्समध्ये शिरलंय.

हा शेवटचा प्रकार जरा नीट सांगायला हवा. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर रेडिएटरच्या टाकीच्या आतच असतो. कूलंट संपलं की रस्त्यावर कोणीही बोअरचं पाणी ओततं. माळव्यातलं बोअरचं पाणी जड. त्यातला क्षार आत साचतो आणि गंजरोधक नसलेलं पाणी कूलरचा धातू खात जातं. आधी कूलर नीट थंड करत नाही, मग एक दिवस आतून फुटतो. पाणी लागलं की क्लच प्लेटवरच्या अस्तराचा डिंक सुटतो, मग नुसतं तेल बदलून बॉक्स वाचेल याची खात्री राहत नाही. म्हणून जुनी ऑटोमॅटिक घेतली की गिअरबॉक्सआधी रेडिएटर बघा: झाकण (थंड इंजिनावर!) उघडून आत गंजाचा रंग आहे का, कूलंटवर तेलाचा तवंग आहे का. रेडिएटर दहा वर्षांचा आणि आतून गंजलेला असेल तर तो दुरुस्त न करता बदलावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मे महिन्यात बाहेर चाळीसच्या वर पारा असताना पलासिया ते राजवाडा रखडत गेलेल्या गाडीचं तेल सहज शंभरी ओलांडतं, आणि १२० अंशांच्या वर तेल झपाट्याने खराब होतं.

आता झटके. पी मधून डी किंवा आर मध्ये टाकताना धप्प आवाज होत असेल तर बॉक्सला शेवटी हात लावा. आधी आरपीएम बघा: इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीत काजळी साचून आयडल (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिनाचा वेग) नऊशे-हजारच्या वर राहत असेल तर कोणताही बॉक्स धक्का देईल. मग फाउंडेशन. हँडब्रेक ओढा, चाकांना लाकडी ठोकळे लावा, बॉनेट उघडा, आत बसलेल्याला ब्रेक घट्ट दाबून डी-एन-आर असं हळू करायला सांगा आणि तुम्ही बाजूला, कधीही गाडीसमोर नाही, उभे राहून इंजिनाकडे बघा. थोडं डुलणं चालेल; इंजिन उचलल्यासारखं हललं तर रबर फाटलंय. तिन्ही फाउंडेशनं एकदम बदलावीत. एकच नवं टाकलं की त्यावर सगळा भार येतो आणि तेही लवकर जातं.

लिव्हर टाकल्यापासून गिअर धरेपर्यंतचा वेळ मोजा. गरम बॉक्स, आयडलवर, एन मधून डी: घड्याळ लावा. टोयोटाच्या मॅन्युअलांत डी साठी १.२ सेकंद आणि आर साठी १.५ सेकंदांच्या आत, असा हिशेब असतो. बाकीच्या जुन्या बॉक्सनाही तो ढोबळपणे लागू पडतो. मध्ये एक एक मिनिट सोडून तीनदा मोजा आणि सरासरी काढा. दोन्हीकडे उशीर म्हणजे दाब कमी: तेल, फिल्टर किंवा पंप. फक्त आर मध्ये उशीर असेल तर बॉक्समधला रिव्हर्सचा क्लच किंवा तिथलाच ब्रेक (पायाचा नव्हे). सकाळी पहिल्यांदा उशीर आणि गरम झाल्यावर ठीक असेल तर आतली रबरी सीलं कडक झालीत. उलट, थंड असताना उत्तम आणि तासाभरानंतर सुटायला लागते तेव्हा पातळ झालेलं तेल आत कुठून तरी गळून दाब कमी होतोय. मेकॅनिककडे जाताना हे थंड-गरम लिहून न्या. 'पिकअप नाही' यापेक्षा त्याला यातून कितीतरी जास्त कळतं. जुनी गाडी विकत घेत असाल तर विकणाऱ्याला आधीच सांगा, आम्ही येण्याआधी इंजिन चालू करू नका.

रस्त्यावरची सगळ्यात फसवी तक्रार म्हणजे ५० ते ८० च्या वेगात, हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर येणारी थरथर. टॉर्क कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच (इंजिन आणि बॉक्स थेट जोडणारा) घसरतोय, की इंजिनाचा एखादा सिलिंडर मिस करतोय? दोन्ही अगदी सारखं जाणवतं. पहाटे बायपासवर किंवा सुपर कॉरिडॉरवर मोकळा रस्ता आणि मागे कोणी नाही हे बघून थरथर सुरू असताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवर तसाच ठेवा आणि दुसऱ्या पायाने ब्रेकला इतकाच स्पर्श करा की दिवा लागेल पण गाडी थांबणार नाही. ब्रेकचा स्विच दबताच लॉक-अप सुटतो. थरथर त्या क्षणी थांबली आणि आरपीएम दोनशे-चारशेने वर गेला, तर दोष लॉक-अपचा. तेल बदलून बऱ्याचदा फरक पडतो. थरथर तशीच राहिली तर प्लग आणि इग्निशन कॉइल बघा. कॉइलच्या दोषापायी बॉक्स उघडू देऊ नका.

स्लिप, म्हणजे क्लच घसरणं, बघायची तर चढ हवा. खंडवा रोडवर सिमरोलच्या पुढचा भेरूघाट चढून इंदूरकडे येताना अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरवर आरपीएम वर पळतो आणि वेग वाढत नाही का, आणि तो कोणत्या गिअरवरून कोणत्या गिअरवर जाताना, हे सोबत बसलेल्याला नोंदवायला सांगा. एकाच बदलात होत असेल तर एकच क्लच किंवा त्याचा सोलेनॉइड (विजेवर तेलाची वाट उघडणारा-मिटवणारा व्हॉल्व्ह). प्रत्येक गिअरमध्ये होत असेल तर पुन्हा दाब.

आता वीज. बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्ट आणि चालू गाडीत १३.८ ते १४.४ च्या आसपास हवी. बॉक्स ते बॉडीची अर्थिंगची पट्टी गंजलेली असेल तर कॉम्प्युटर वेडंवाकडं वागतो. पावसाळ्यानंतर लिव्हर पी मध्ये असताना स्टार्टर फिरत नाही पण एन मध्ये फिरतो, रिव्हर्सचा दिवा लागत नाही, मीटरवर गिअरचं अक्षर गायब होतं, अशी लक्षणं दिसली तर बॉक्सवरच्या इनहिबिटर स्विचमध्ये (लिव्हर कुठे आहे ते सांगणाऱ्या) किंवा त्याच्या कनेक्टरमध्ये पाणी गेलंय. लिव्हर पी मधून निघतच नसेल तर आधी ब्रेकलाइट लागतात का बघा. ब्रेकचा तोच स्विच लिव्हरचं कुलूप सोडतो.

गाडी अचानक जड होऊन एकाच गिअरवर, बहुधा तिसऱ्यावर, अडकली की ते लिंप मोड, म्हणजे दोष दिसल्यावर कॉम्प्युटरने बचावासाठी घातलेली मर्यादा. इंजिन बंद करून परत चालू केल्यावर ती काही वेळ नीट चालत असेल, तर दोष झिजलेल्या क्लचपेक्षा वायर, सेन्सर किंवा सोलेनॉइडचा असण्याची शक्यता जास्त. स्कॅनर लावा, पण नुसत्या पी०७०० वर थांबू नका. तो फक्त 'ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरला काही सांगायचंय' एवढंच सांगतो. खरा कोड पुढे असतो. पी०७१५ आणि पी०७२० म्हणजे इनपुट आणि आउटपुट स्पीड सेन्सर. कित्येक जुन्या ह्युंदाईंत हे बाहेरून एका बोल्टवर बसवलेले आहेत. पी०७५० पासूनचे कोड शिफ्ट सोलेनॉइडचे. पी०७४१ म्हणजे लॉक-अप धरत नाही. पी०७३१ ते पी०७३५ म्हणजे त्या त्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, आणि हे मात्र खऱ्या स्लिपकडे बोट दाखवतात. सोलेनॉइड मीटरने मोजता येतो: साधा ऑन-ऑफ सोलेनॉइड टोयोटात ११ ते १५ ओम, होंडात १२ ते २५. शून्याजवळ किंवा अनंत आला तर तो मेला.

स्टॉल टेस्टचा आग्रह धरू नका. ब्रेक दाबून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देण्याची ही परीक्षा एका वेळी पाच सेकंदांच्या वर नको, आणि थकलेल्या बॉक्सला तीच शेवटची ठरू शकते. त्यापेक्षा बॉक्सवरच्या टेस्ट पोर्टला (दाब मोजायच्या भोकाला) गेज लावून दाब मोजा.

मग तेल काढा. चेंबर (बॉक्सखालचं तेलाचं पात्र) किंवा ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी बारीक गाळ असणं नैसर्गिक आहे. चमकणारे कपचे किंवा पितळी रंगाचे कण म्हणजे आत धातू झिजतोय. होंडात बॉक्सच्या ड्रेन बोल्टला ३/८ इंचाचं चौकोनी भोक असतं, इंजिनाच्या बोल्टला १७ चा पाना लागतो. घाईत बॉक्सचं तेल काढून इंजिनात दुप्पट भरल्याचे प्रकार होतात, तेव्हा सर्व्हिसिंगनंतर लगेच गाडी घसरू लागली तर दोन्ही डिपस्टिक बघा. बोल्टला नवं वायसर लावून ४९ न्यूटन-मीटरला आवळा. तेल कंपनीचंच: होंडाला डीडब्ल्यू-१, जुन्या चार गिअरच्या ह्युंदाईला एसपी-३, सीव्हीटीला तिचंच वेगळं.

एका वेळी सगळं तेल निघत नाही, कन्व्हर्टरमध्ये राहतं. बॉक्समध्ये सहा लिटर असेल आणि अडीच निघत असेल तर एकदा बदलून ५८ टक्के जुनं उरतं, दुसऱ्यांदा ३४, तिसऱ्यांदा २०. म्हणून पाचशे-सातशे किलोमीटरच्या अंतराने तीनदा बदला. कधीच तेल न बदललेल्या बॉक्सला मशिनने दाबाचा फ्लश मला मान्य नाही. सुटलेला गाळ तेलाचा दाब वाटून देणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत जाऊन बसतो.

एवढं करूनही काळे कण, चुंबकावर कपचे आणि गुणोत्तराचा कोड एकत्र आले तर बॉक्स उघडावाच लागेल. तेव्हा एकच प्लेट बदलण्यावर समाधान मानू नका: सगळ्या सीलांचा आणि प्लेटांचा संच, फिल्टर, कन्व्हर्टरची दुरुस्ती, आणि कूलर बदली हे एकाच वेळी व्हायला हवं, नाहीतर कूलरमध्ये अडकलेला धातू नव्या बॉक्समध्ये परत येतो. जोडल्यावर स्कॅनरने कॉम्प्युटरची जुनी शिकवणी पुसून घ्या आणि पहिले काही दिवस मध्यम अ‍ॅक्सिलरेटरवर सगळे गिअर फिरतील अशी चालवा. कॉम्प्युटर नव्या क्लचचा दाब त्यातूनच शिकतो.