आडनाव विसरा, गाव सांगा: स्मोलांडमधल्या चर्चच्या वह्या

स्टॉकहोम सुंदर आहे, महाग आहे, गर्दीचं आहे, एवढ्यावरच सोडतो. आम्हाला जायचं होतं दक्षिणेला, स्मोलांडात. वहिनी मिनेसोटाच्या, आणि त्यांचे खापरपणजोबा १८६०च्या दशकात इथून अमेरिकेला गेलेले. १८४०च्या दशकापासून १९३०पर्यंत सुमारे १३ लाख माणसं स्वीडन सोडून गेली, त्यामुळे उन्हाळ्यात व्हेक्शोत, म्हणजे स्मोलांडातल्या शहरात, भेटेल तो अमेरिकन पूर्वज हुडकायला आलाय असंच वाटतं. बहुतेकांच्या हातात फक्त आडनाव असतं. त्याचा काडीचा उपयोग नाही.

कारण आडनाव बापाच्या नावावरून. पेटरचा मुलगा पेटर्सन, मुलगी पेटर्सडॉटर, नातवंडांचं पुन्हा वेगळं. त्यात गडी सैन्यात गेला की पलटणीत त्याला रास्क, मोदिग असं आटोपशीर नाव मिळायचं. ते पुढे कुणी ठेवलं, कुणी टाकलं. आपल्याकडे नाशिकला गाव-आडनाव सांगितलं की उपाध्याय चोपडी काढतात, तसं इथे होत नाही. इथली वही लागते ती सोकेनवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीवर. नुसतं सोकेनचं नावही पुरत नाही. वोंगा ओस्टरयोतलांडात आहे, तसं स्कोनेतही आहे. प्रांत माहीत हवाच.

सोकेनचं हे नाव बहुधा अमेरिकेतच सापडतं. तिथल्या स्वीडिश लुथरन चर्चच्या सभासद-नोंदींत माणूस मूळचा कुठल्या सोकेनचा ते लिहिलेलं असतं, आणि इलिनॉयमधल्या रॉक आयलंडच्या ऑगस्टाना कॉलेजात अशा नोंदींच्या मायक्रोफिल्म आहेत. विमानाचं तिकीट त्यानंतर काढावं. गॉथेनबर्ग बंदराच्या प्रवासी याद्या १८६९पासूनच्या आहेत, त्याआधी निघालेल्याला त्या कामाच्या नाहीत.

आता मुख्य वही: हूसफोर्हॉर्सलेंगड, म्हणजे घरोघरच्या परीक्षेची नोंदवही. १६८६च्या चर्च कायद्याने जन्म-लग्न-मृत्यूबरोबर घरोघरची नोंद ठेवणंही पाद्र्यावर आलं. तो माणसांची वाचनाची आणि धर्मप्रश्नोत्तरांची परीक्षा घ्यायचा आणि खुणा करायचा. पान असं दिसतं: वर वाडीचं किंवा शेताचं नाव, खाली घरधनी, बायको, मुलं, मग द्रेंग (गडी) आणि पीगा (मोलकरीण). आडव्या रांगेत जन्मतारीख, जन्माचं सोकेन, देवी आल्या की लस टोचली, वाचन कसं, कुठून आला, कुठे गेला. अर्ध्याअधिक नावांवर रेघ मारलेली बघून वहिनींना वाटलं, पाद्र्याने चुका खोडल्यात. तसं नाही. रेघ म्हणजे माणूस मेला किंवा हलला. आपला माणूस सहसा रेघेखालीच असतो, आणि शेवटच्या रकान्यात ‘न. अमेरिका’ (म्हणजे उत्तर अमेरिका) आणि साल.

तिथून मागे जायचं. एक वही साधारण पाच-दहा वर्षांची असते आणि पुष्कळदा आधीच्या वहीचं पान दिलेलं असतं. गडी-मोलकरणी ऑक्टोबरअखेर धनी बदलायच्या, म्हणून धागा तुटला की आधी येणाऱ्या-जाणाऱ्यांची यादी बघावी. या वहीतली जन्मतारीख नकलून नकलून बिघडते, ती जन्मनोंदीशी ताडायचीच. तिथेही जन्म आणि बाप्तिस्मा अशा दोन तारखा असतात. २४/३ म्हणजे २४ मार्च. अमेरिकन लोक हे हमखास उलटं वाचतात.

सगळ्यात वाईट सापळा नावाचा. मूल दगावलं की पुढच्याला तेच नाव ठेवायची रीत होती. जन्मनोंद मिळाली म्हणून नाचू नये. मृत्यूची वही पाच-सहा वर्षं पुढेपर्यंत चाळावी, नाहीतर दोन वर्षांचं होऊन गेलेलं पोर तुमचा पणजोबा ठरतं.

यासाठी स्वीडनला जायची गरज मात्र नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराने या वह्या जालावर टाकल्यात आणि २०१८पासून फुकट बघता येतात. आम्हीही व्हेक्शोत खोलीत बसून त्याच बघत होतो, बाहेर स्वच्छ ऊन असताना. फार राग आला मला.

जायचं ते जागेसाठी, पण थडग्याची आशा धरू नका. जागेचा हक्क ठरावीक मुदतीचा असतो, बऱ्याचदा २५ वर्षांचा; नूतनीकरण झालं नाही तर दगड काढून जागा दुसऱ्याला देता येते. गरिबांना तर दगड नव्हताच. नीट कापलेलं गवत आणि हल्लीच्या थडग्यांच्या रांगा, एवढंच दिसतं. गावाकडच्या चर्चना बऱ्याचदा कुलूप असतं. उन्हाळ्यात रस्त्यालगतची काही चर्च मुद्दाम उघडी ठेवतात, तिथे कॉफीही मिळते. इतर ठिकाणी आधी फोन करावा.

त्यापेक्षा तोर्प शोधा, कुळाची झोपडी. घर उरलेलं नसतं, जोत्याचे दगड आणि कोसळलेली चूल असते. बऱ्याच ठिकाणी स्थानिक इतिहासप्रेमी मंडळांनी तोर्पच्या नावाची छोटी पाटी लावलीय, त्यामुळे वहीच्या पानावरचं नाव जंगलात जुळतं. बसच्या भरवशावर राहू नका, गाडी भाड्याने घ्या. गवतात शिरताना पँट मोज्यात खोचा, संध्याकाळी अंग तपासा: तिथल्या गोचिडीमुळे आजार होतात आणि माहितीपत्रकात हे कुणी ठळक लिहीत नाही.